व्यापारचिन्हांचा तुलनात्मक उल्लेख

एका उत्पादकाच्या मालास दिलेल्या व कायद्याने संरक्षिलेल्या नावाचा, त्या नावाशी मालकीचा कोणताही संबंध नसलेल्या दुसऱ्या व्यक्तीने तुलना, परीक्षण किंवा ओळख यांसाठी केलेला वापर. असा वापर मुख्यतः तीन प्रकारचे लोक करतात. प्रतिस्पर्धी उत्पादक आपल्या जाहिरातीत दुसऱ्याच्या मालाचे नाव घेऊन आपला माल सरस असल्याचे सांगतो. सुटे भाग वा पूरक वस्तू विकणारा व्यापारी आपली वस्तू कोणत्या यंत्रास बसते हे सांगण्यासाठी त्या यंत्राचे नाव छापतो. आणि ग्राहकसंस्था, नियतकालिके वा स्वतंत्र परीक्षक निरनिराळ्या मालांची पारख करून तिचे निष्कर्ष नावानिशी प्रसिद्ध करतात. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून आंतरजालावरील वस्तुपरीक्षणांमुळे हा तिसरा वापर सर्वसामान्य माणसाच्या आवाक्यात आला. त्याचबरोबर पहिल्या व तिसऱ्या वापरातील सीमारेषाही पुसट झाली. परक्याच्या नावाचा असा उल्लेख कोठवर कायदेशीर मानावयाचा, या प्रश्नाला निरनिराळ्या देशांनी निरनिराळ्या काळी परस्परविरुद्ध उत्तरे दिली आहेत.

प्रश्नाचे मूळ व्यापारचिन्हाच्या दुहेरी स्वरूपात आहे. व्यापारचिन्ह हे एक प्रकारे बोट दाखविण्याचे साधन होय : अमुक माल अमुक ठिकाणाहून आला, हे ते ग्राहकास सांगते. या दृष्टीने पाहता, ग्राहकाची फसगत होत नसेल तोवर नावाच्या उच्चाराने मालकाचे काही बिघडत नाही. परंतु दीर्घकाळच्या जाहिरातीने व चांगल्या मालाने नावाभोवती लौकिक जमतो, नावाला स्वतःचे मोल येते आणि मालक त्याकडे घर वा जमीन यांसारखी मिळकत म्हणून पाहू लागतो. मिळकतीत परवानगीवाचून पाऊल टाकणे हेच अतिक्रमण, असा विचार मग पुढे येतो. पहिली कल्पना प्रबळ असेल तेथे खरी तुलना मुक्त राहते. दुसरी प्रबळ असेल तेथे खरे बोलणेही अपराध ठरू शकते. या विषयाचा इतिहास म्हणजे या दोन कल्पनांतील ओढाताणीचा इतिहास होय.

इंग्लंडमधील विकास : इंग्लंडमध्ये व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा अधिनियम १८७५ मध्ये संमत झाला. १ जानेवारी १८७६ रोजी बास या मद्यनिर्मात्यांच्या लाल त्रिकोणाची पहिली नोंद झाली. नोंदणीमागील मूळ हेतू नकली माल रोखणे हा होता. तुलनेचा विचार तीत नव्हता. तुलनेचे वाद त्या काळी मालनिंदेच्या जुन्या विधितत्त्वाखाली न्यायालयात येत. ‘व्हाइट विरुद्ध मेलिन’ (१८९५) हा त्यांतील प्रसिद्ध खटला. व्हाइट हा दुकानदार मेलिन यांच्या बालान्नाच्या बाटल्या विकत असे. मात्र त्या बाटल्यांवर तो आपल्या पदरची चिठ्ठी चिकटवी व तीत डॉ. व्हान्स यांचे बालान्न इतर सर्वांहून अधिक पौष्टिक असल्याची शिफारस असे. हाउस ऑफ लॉर्ड्‌सने (उमराव सभेने) मेलिन यांचा दावा फेटाळला. आपला माल सर्वांत उत्तम, असे प्रत्येकच व्यापारी म्हणतो. न्यायालये असल्या फुशारकीची शहानिशा करीत बसली, तर त्यांचाच जाहिरातीसाठी उपयोग होऊ लागेल, अशी यामागील भूमिका होती. मात्र दुसऱ्याच्या मालाविषयी खोटे विधान करून त्याचे प्रत्यक्ष नुकसान केल्यास दाद मागता येते, हे तत्त्व कायम राहिले.

नोंदणीकृत नाव तुलनेसाठी वापरण्याचा प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्‌ससमोर १९३४ मध्ये आला. यीस्टव्हाइट या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या निर्मात्यांनी हॉर्सनेल या विक्रेत्यावर दावा केला. हॉर्सनेलने आपल्या बाटल्यांवर ‘यीस्टच्या गोळ्या, यीस्टव्हाइटला पर्याय’ अशा अर्थाचा मजकूर छापला होता. आपला माल यीस्टव्हाइट नव्हे, हेच त्या मजकुरातून स्पष्ट होत असल्यामुळे नाव मालाचा उगम दर्शविण्यासाठी वापरलेले नाही व म्हणून उल्लंघन होत नाही, असा निर्णय झाला. नामवंत मालाच्या उत्पादकांना हा निर्णय रुचला नाही. जाहिरातीवर आपण पैसा खर्च करावा व दुसऱ्याने त्या नावाच्या पाठीवर बसून आपला माल खपवावा, हा अन्याय आहे, अशी त्यांची तक्रार होती. परिणामी १९३८ च्या अधिनियमाच्या चौथ्या कलमात, नोंदणीकृत चिन्हाचा वा त्याच्या मालकाचा निर्देश सूचित करणारा वापरही उल्लंघन ठरेल, अशी तरतूद झाली.

या तरतुदीची कसोटी ‘बिझमॅग विरुद्ध अँब्लिन्स’ (१९४०) या खटल्यात लागली. अँब्लिन्स या औषधविक्रेत्यांनी एक पुस्तिका काढली होती. तीत एका रकान्यात नामांकित औषधांची नावे व किमती आणि शेजारच्या रकान्यात त्यांच्या स्वतःच्या तशाच औषधांची नावे व किमती दिल्या होत्या. कोणाची फसगत होण्याचा संभव नसतानाही अपील न्यायालयाने हे उल्लंघन ठरविले. न्यायमूर्ती मॅकिनन यांनी या कलमातील २५३ शब्दांच्या एका वाक्याची दुर्बोधता विशेष करून नोंदविली आहे. या निर्णयानंतर सु. अर्धशतक इंग्लंडमध्ये दुसऱ्याचे नोंदणीकृत नाव घेऊन केलेली तुलना, ती अक्षरशः खरी असली तरी, व्यापाऱ्यास धोक्याची ठरत असे. जाहिरातदार मग नाव न घेता ‘दुसरी पावडर’, ‘नेहमीचा साबण’ असे मोघम शब्द वापरीत. १९९४ च्या अधिनियमाने ही स्थिती पालटली. मालकाचा माल ओळखण्यासाठी त्याचे चिन्ह वापरता येईल, मात्र तो वापर प्रामाणिक व्यापारी रीतीस धरून असावा आणि चिन्हाच्या लौकिकाचा गैरफायदा घेणारा नसावा, असे नवे सूत्र त्यात आले.

अमेरिकेतील भूमिका : अमेरिकी न्यायालयांनी प्रारंभापासून नावाकडे मुख्यतः बोधसाधन म्हणून पाहिले. ‘प्रेस्टोनेट्स विरुद्ध कोटी’ (१९२४) या खटल्यात, कोटी कंपनीची अस्सल सुगंधी द्रव्ये विकत घेऊन ती लहान बाटल्यांत भरून विकणाऱ्या संस्थेस, आपला कोटीशी संबंध नाही असे स्पष्ट लिहून कोटीचे नाव छापण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने दिली. लोकांची फसवणूक होत नसेल, तर सत्य सांगण्यासाठी शब्द वापरण्यास आडकाठी करावी इतके पावित्र्य व्यापारचिन्हात नाही, हे न्यायमूर्ती होम्स यांनी त्या वेळी मांडलेले मत पुढील सर्व विचाराचा पाया ठरले.

‘स्मिथ विरुद्ध शनेल’ (१९६८) या खटल्यात हे मत तुलनात्मक जाहिरातीस लागू झाले. प्रतिवादींनी ‘सेकंड चान्स’ नावाचे स्वस्त अत्तर काढले होते. २५ डॉलरांचे शनेल नं. ५ आणि ७ डॉलरांचे आपले अत्तर यांतील फरक ओळखून दाखवा, असे त्यांचे आव्हान होते. एकस्वाचे संरक्षण नसलेल्या वस्तूची नक्कल करण्याचा हक्क सर्वांना असेल, तर कशाची नक्कल केली हे सांगण्याचा हक्कही असला पाहिजे, अन्यथा पहिला हक्क पोकळ ठरतो, असे अपील न्यायालयाने म्हटले. त्याच वेळी, दोन्ही अत्तरे सारखी आहेत हे विधान खरे की खोटे, हा प्रश्न न्यायालयाने खुला ठेवला. फेरसुनावणीत ते विधान टिकले नाही. नाव घेण्याचे स्वातंत्र्य व नाव घेऊन काय सांगितले याची जबाबदारी, या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे या खटल्याच्या दोन टप्प्यांतून दिसून येते.

१९७९ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने एक धोरणनिवेदन काढून, प्रतिस्पर्ध्याचे नाव घेऊन केलेल्या सत्य तुलनेस प्रोत्साहन दिले. अशा तुलनेने ग्राहकास उपयुक्त माहिती मिळते व मालाची सुधारणा आणि किमतीतील घट यांस चालना मिळते, असा त्याचा आशय होता. पुढे एका लोकप्रिय गायकवृंदाच्या नावाच्या वादात (१९९२) नवव्या परिमंडल न्यायालयाने ‘नामनिर्देशक उचित वापर’ ही संज्ञा रूढ केली व तिच्या तीन अटी सांगितल्या : वस्तू नाव घेतल्यावाचून सहजी ओळखता येण्याजोगी नसावी, ओळखीपुरतेच नाव घ्यावे, आणि मालकाने पाठिंबा वा संमती दिली आहे असा भास होऊ नये. परीक्षकाने मालाचे साधे नाव लिहिणे या अटींत बसते. परंतु मालकाचे चित्रचिन्ह, रंग व अक्षरवळण उचलून आपले पान सजविणे बहुधा बसत नाही.

वस्तुपरीक्षणाची संस्था : मालाची नावानिशी पारख करण्याची पद्धत आंतरजालापेक्षा बरीच जुनी आहे. अमेरिकेत १९३६ मध्ये स्थापन झालेल्या कन्झ्यूमर्स युनियनने बाजारातून स्वतः खरेदी केलेल्या वस्तूंची प्रयोगशाळेत तपासणी करून निष्कर्ष आपल्या मासिकातून छापण्याची प्रथा पाडली. या मासिकात जाहिराती घेतल्या जात नाहीत. इंग्लंडमध्ये १९५७ पासून ‘विच?’ हे नियतकालिक आणि पश्चिम जर्मनीत १९६४ मध्ये शासनाच्या पुढाकाराने उभी राहिलेली श्टिफ्टुंग वारेनटेस्ट ही संस्था हेच कार्य करू लागली. भारतात १९६६ मध्ये मुंबई येथे कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली व मालाच्या तपासणीचे काम तिने हाती घेतले. अहमदाबादच्या कन्झ्यूमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरनेही (स्थापना १९७८) तुलनात्मक चाचण्यांचे निष्कर्ष नावानिशी प्रसिद्ध केले.

अशा परीक्षणांविरुद्धचे दावे सामान्यतः व्यापारचिन्हाच्या कायद्याखाली नव्हे, तर मालनिंदेच्या तत्त्वाखाली झाले. कारण परीक्षक स्वतः माल विकत नाही. नाव तो मालावर लावीत नाही, मालाविषयी बोलताना घेतो. ‘बोस कॉर्पोरेशन विरुद्ध कन्झ्यूमर्स युनियन’ हा यासंबंधीचा महत्त्वाचा खटला होय. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात, बोस ९०१ या ध्वनिक्षेपकातून ऐकू येणारा वाद्यांचा आवाज खोलीभर भटकत असल्याचे म्हटले होते. प्रत्यक्षात आवाज दोन ध्वनिक्षेपकांमधील भिंतीलगत सरकत होता, असा वादीचा आक्षेप होता. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वादीविरुद्ध निर्णय दिला. विधान अचूक नसले, तरी ते खोटे असल्याचे ठाऊक असताना किंवा सत्यासत्याची बेपर्वाई करून केल्याचे सिद्ध झाले नाही, हे त्याचे कारण. ऐकलेल्या आवाजाचे शब्दांत वर्णन करताना होणारी चूक व बुद्ध्या केलेली बदनामी यांत भेद केला पाहिजे, हा त्या निर्णयाचा सारांश होय. पश्चिम जर्मनीच्या संघीय न्यायालयाने १९७५ मध्ये वेगळ्या मार्गाने जवळपास याच ठिकाणी येऊन, चाचणी निःपक्षपाती, तज्ञतेने व वस्तुनिष्ठ राहण्याच्या प्रयत्नाने केलेली असेल, तर परीक्षकास मूल्यमापनाचे विस्तृत स्वातंत्र्य आहे, असे ठरविले.

या इतिहासातील एक उलटा प्रसंग उद्‌बोधक आहे. एका विद्युत्‌ झाडूच्या उत्पादकाने आपल्या जाहिरातीत कन्झ्यूमर्स युनियनच्या मासिकातील अनुकूल अभिप्राय मासिकाच्या नावासह उद्‌धृत केला, तेव्हा इतरांची नावे नित्य घेणाऱ्या या संस्थेनेच आपल्या नावाच्या वापराविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. १९८३ मध्ये अपील न्यायालयाने जाहिरातीवरील मनाई हुकूम उठविला.

यूरोप : यूरोप खंडातील देशांत तुलनात्मक जाहिरातीकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले गेले. जर्मनीत ती शिष्ट व्यापारनीतीस सोडून आहे असे मानले जाई. फ्रान्समध्ये १९९२ च्या कायद्याने तिला मर्यादित परवानगी मिळाली. १९९७ च्या यूरोपीय निदेशाने सर्व सदस्य देशांत ती कायदेशीर केली व सोबत अटी घातल्या. तुलना एकाच गरजेसाठी असलेल्या वस्तूंची असावी. ती महत्त्वाच्या व पडताळून पाहता येतील अशा गुणधर्मांची वा किमतीची असावी. तिने घोटाळा निर्माण होऊ नये वा निंदा होऊ नये. आणि आपला माल संरक्षित नाव असलेल्या मालाची नक्कल आहे असे त्यात सांगू नये.

यांतील शेवटच्या अटीचा परिणाम ‘लॉरेआल विरुद्ध बेल्यूर’ (२००९) या खटल्यात दिसला. प्रतिवादींनी कोणते स्वस्त अत्तर कोणत्या नामांकित अत्तराच्या वासाचे आहे, याचे तक्ते विक्रेत्यांना दिले होते. लोकांची फसगत होत नव्हती व वास सारखा असण्याविषयी वादही नव्हता. तरीही यूरोपीय न्यायालयाने हा लौकिकाचा अनुचित लाभ ठरविला. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने हा निर्णय नाइलाजाने अंमलात आणला. गरीब ग्राहकास सत्य सांगण्यास यामुळे बंदी होते, अशी नापसंती न्यायमूर्ती जेकब यांनी व्यक्त केली. अमेरिकेत १९६८ मध्ये ज्या तऱ्हेच्या वापरास तत्त्वतः संरक्षण मिळाले, त्यालाच यूरोपात ४१ वर्षांनंतर प्रतिबंध झाला. एकच वस्तुस्थिती असता निर्णय भिन्न लागण्याचे कारण, एका ठिकाणी नाव हे बोधसाधन व दुसऱ्या ठिकाणी ते मिळकत मानले गेले, हे होय.

भारतातील कायदा : भारतात व्यापारचिन्ह अधिनियम १९४० मध्ये झाला. तो १९३८ च्या इंग्लिश अधिनियमावर बेतलेला होता. नोंदणी कार्यालयाचे मुख्यालय मुंबई येथे आहे. १९५८ च्या अधिनियमाने उल्लंघनाच्या व्याख्येत, चिन्ह हे व्यापारचिन्ह म्हणूनच वापरले आहे असे वाटण्याजोगा वापर असला पाहिजे, असे शब्द घातले. त्यामुळे इंग्लंडमध्ये केवळ निर्देशासही बंदी असताना भारतीय कायदा मात्र यीस्टव्हाइट निर्णयाच्या अधिक जवळ आला. १९८४ मध्ये मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा अधिनियमात (१९६९) दुरुस्ती होऊन, खोट्या वा दिशाभूल करणाऱ्या माहितीने दुसऱ्याच्या मालाची निंदा करणे ही अनुचित व्यापारप्रथा ठरली. हा अधिनियम २००९ मध्ये रद्द झाला.

१९९९ चा व्यापारचिन्ह अधिनियम १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलात आला. त्याच्या कलम २९(८) नुसार, ज्या जाहिरातीत चिन्हाचा अनुचित फायदा घेतलेला असून ती प्रामाणिक रीतीस सोडून आहे, किंवा जी चिन्हाच्या वेगळेपणास वा लौकिकास बाधक आहे, त्या जाहिरातीने उल्लंघन होते. उलट कलम ३०(१) अन्वये प्रामाणिक रीतीस धरून केलेल्या व अनुचित फायदा न घेणाऱ्या वापरास संरक्षण आहे. कलम २९(९) प्रमाणे शब्दचिन्हाचे उल्लंघन उच्चारानेही होऊ शकते. ही तरतूद बोलक्या चित्रफितींना लागू पडते. सुटे भाग व पूरक वस्तू यांसाठीही नाव घेण्याची सवलत कलम ३० मध्ये आहे, मात्र तसे करणे वाजवी गरजेचे असले पाहिजे. हॉकिन्स या प्रेशर कुकरसाठी योग्य असल्याचे ठळकपणे छापून गॅस्केट विकणाऱ्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २००८ मध्ये निर्णय दिला. ते गॅस्केट इतर कुकरांनाही बसत असल्याने एकाच नावावर भर देण्याची गरज नव्हती, असे खंडपीठाचे मत पडले.

भारतीय न्यायनिर्णयांची दिशा : ‘टाटा प्रेस विरुद्ध महानगर टेलिफोन निगम’ (१९९५) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जाहिरात हा संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) मधील भाषणस्वातंत्र्याचा भाग असल्याचे मान्य केले. त्यामुळे तुलनेच्या वादास संविधानाचे अंग प्राप्त झाले. रॉबिन ब्लू व उजाला या निळींच्या वादात कलकत्ता उच्च न्यायालयाने सांगितलेली सूत्रे पुढे वारंवार उद्‌धृत झाली. व्यापाऱ्याने आपला माल सर्वोत्तम म्हणावा, इतरांहून चांगला म्हणावा, तुलनाही करावी. परंतु दुसऱ्याचा माल वाईट आहे असे म्हणू नये, असा त्यांचा आशय होता. ‘डाबर विरुद्ध कोलोरटेक’ (२०१०) या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने, आपल्या मालाची थोरवी सांगतानाही असत्य विधानाची मुभा गृहीत धरता येणार नाही, असा इशारा दिला.

नाव गाळल्याने दायित्व टळत नाही, हेही न्यायालयांनी स्पष्ट केले. चेरी ब्लॉसम व किवी या बूटपॉलिशांच्या वादात (१९९६) जाहिरातीत फक्त ‘क्ष’ छापाची बाटली दाखविली होती. पण तीवरील लाल ठिपक्यामुळे ती कोणाची हे प्रेक्षकास कळत होते. पेप्सी व कोका-कोला यांच्या वादातही (२००३) नावाची मोडतोड केली, तरी रोख ओळखू येतो, असे ठरले. जाहिरातदाराचा हेतू, तिची मांडणी आणि एकूण कथानकाचा प्रेक्षकावर होणारा परिणाम यांवरून निंदा ठरवावी, अशी कसोटी त्या वेळी दिली गेली. उलटपक्षी, नाव उघडपणे घेतल्यानेच दोष येतो असेही नाही. विजेच्या दिव्यांच्या तुलनेबाबत हॅवेल्सने केलेल्या दाव्यात (२०१५) दिल्ली उच्च न्यायालयाने, जाहिरातदाराने सर्वच गुणधर्मांची तुलना केली पाहिजे असे बंधन नाही, असे ठरविले. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सेबामेडच्या जाहिरातीस लक्स, डव्ह व पिअर्स या साबणांची नावे घेऊन त्यांच्या आम्लता-मूल्याची (पीएच) तुलना करण्याची मुभा दिली; मात्र अंगाच्या साबणाची कपडे धुण्याच्या रिन वडीशी सांगड घालण्यास मनाई केली. मोजता येणारे सत्य एका बाजूस व त्याच्या आडून सूचित होणारी हेटाळणी दुसऱ्या बाजूस, असा भेद येथे प्रत्यक्ष आज्ञेतच उतरलेला दिसतो.

आंतरजालावरील परीक्षणे : ग्राहकसंस्थांच्या काळी परीक्षकाजवळ प्रयोगशाळा, संपादक व ओळखता येणारा पत्ता असे. आंतरजालावर कोणीही परीक्षक होऊ शकतो व त्याचे म्हणणे लाखो लोकांपर्यंत पोहोचू शकते. न्यायालयांपुढे यातून दोन प्रकारची प्रकरणे आली. टीकाकार व्यापारी नसेल, तर त्यास व्यापारचिन्हाच्या कायद्याने गप्प बसविता येईल काय, हा पहिला प्रश्न. ओडिशातील धामरा बंदरामुळे समुद्री कासवांना धोका असल्याचे सांगणाऱ्या एका आंतरजाल-खेळात टाटा हे नाव व चिन्ह वापरल्याबद्दल ग्रीनपीसविरुद्ध दावा झाला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने (२०११) अंतरिम मनाई हुकूम नाकारला. सार्वजनिक हिताच्या विषयावरील टीका वा विडंबन करण्यासाठी घेतलेले नाव व्यापारी वापराच्या मापाने मोजता येत नाही, हा त्यामागील विचार होता.

दुसरा प्रश्न, परीक्षकाच्या जबाबदारीचा. पॅराशूट खोबरेल तेलाच्या शुद्धतेविषयी शंका घेणाऱ्या एका चित्रफितीविरुद्ध मॅरिको कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात दावा केला. एकसदस्य न्यायपीठाने जानेवारी २०२० मध्ये चित्रफीत काढून टाकण्याचा आदेश दिला. समाजमाध्यमांवर मोठा अनुयायीवर्ग असलेल्या व्यक्तीचा शब्द लोक खरा मानतात. म्हणून बोलण्यापूर्वी पुरेशी खातरजमा करण्याचे दायित्व तिच्यावर येते, असे त्यात म्हटले होते. पुढील महिन्यातच खंडपीठाने काही बदल करून चित्रफीत पुन्हा दाखविण्याची मुभा दिली. प्रथिनचूर्णाच्या परीक्षणांसंबंधीच्या एका दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये परीक्षकांविरुद्ध अंतरिम मनाई हुकूम नाकारला. प्रयोगशाळेतील चाचण्यांचा आधार असलेले मतप्रदर्शन सुनावणीपूर्वीच बंद करता येत नाही आणि कोणत्या मालाविषयी बोलत आहोत हे सांगण्यासाठी त्याचे नाव घेणे हे उल्लंघन नव्हे, अशी त्या न्यायालयाची भूमिका होती. पाच वर्षांच्या अंतराने झालेल्या या निर्णयांची तुलना करता, नाव घेतल्याच्या तक्रारीपेक्षा विधानाला आधार काय, या प्रश्नास आलेले महत्त्व लक्षात येते.

अंतरिम आदेशाचे या क्षेत्रातील महत्त्व विशेष आहे. मूळ दाव्याचा निकाल अनेक वर्षांनी लागतो. तोवर परीक्षणाचा उपयोग संपलेला असतो. बलाढ्य कंपनीस खर्च परवडतो, एकट्या परीक्षकास परवडत नाही. म्हणून पहिल्याच सुनावणीत मिळालेली मनाई बहुधा अखेरची ठरते. अब्रुनुकसानीच्या बाबतीत, प्रतिवादी आपले विधान खरे असल्याचे सिद्ध करण्यास तयार असल्यास सुनावणीपूर्वी त्यास अडवू नये, हे तत्त्व इंग्लंडमध्ये ‘बॉनर्ड विरुद्ध पेरीमन’ (१८९१) या खटल्यात प्रस्थापित झाले होते. तोच दावा व्यापारचिन्हाच्या उल्लंघनाचा म्हणून मांडला, की या संरक्षणास वळसा घालता येतो. परीक्षकांविरुद्धच्या दाव्यांत व्यापारचिन्हाचे कलम आवर्जून जोडले जाण्याचे हे एक कारण होय.

छुपे परीक्षण : परीक्षणाला मिळणारे संरक्षण परीक्षकाच्या तटस्थतेवर आधारलेले आहे. प्रतिस्पर्धी उत्पादकच ग्राहकाचे सोंग घेऊन लिहू लागला, किंवा परीक्षकाने विक्रीमागे दलाली घेऊन तुलना केली, तर ते लेखन वस्तुतः जाहिरात होते व तिच्या अटी त्यास लागू होतात. या दृष्टीने शासनांनी पैशाचा संबंध उघड करण्यावर भर दिला आहे. मुंबईस्थित भारतीय जाहिरात मानक परिषदेने (स्थापना १९८५) २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी मार्गदर्शक नियम काढले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये, जाहिरातदाराशी असलेला आर्थिक वा इतर संबंध जाहीर करणे शिफारसकर्त्यावर बंधनकारक केले. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने आंतरजालावरील ग्राहक-परीक्षणांचे संकलन व प्रसिद्धी यांसाठी आयएस १९००० हे ऐच्छिक मानक ठरविले. अमेरिकेत २०१६ च्या कायद्याने ग्राहकास प्रतिकूल परीक्षण लिहिण्यास बंदी करणारी करारातील कलमे अवैध ठरविली, तर २०२४ च्या नियमाने खोटी परीक्षणे विकणे व विकत घेणे यांस मनाई केली. या दोन तरतुदींतून ग्राहकाच्या खऱ्या शब्दास संरक्षण व विकत घेतलेल्या शब्दास प्रतिबंध, असा परस्परपूरक हेतू दिसतो.

या सर्व घडामोडींतून काही सामान्य कसोट्या निष्पन्न होतात. मालाची ओळख पटविण्यापुरता नावाचा उल्लेख बहुतेक देशांत ग्राह्य आहे. नावाने मालकाशी संबंध वा त्याची संमती सूचित करणे ग्राह्य नाही. तुलना मोजता व पडताळता येणाऱ्या गुणांची असावी. वस्तुस्थितीचे विधान व मत यांत वाचकास फरक कळावा आणि विधानाचा आधार परीक्षकाजवळ लिखित स्वरूपात असावा. परीक्षकाचा पैशाचा संबंध झाकलेला नसावा. या कसोट्या पाळणाऱ्यावरही दावा होऊ शकतो. परंतु त्या न पाळणाऱ्यास बचावच उरत नाही. बाजारात वस्तूंची संख्या वाढत जाते, तसा ग्राहकाला निवडीसाठी नावांवाचून दुसरा आधार राहत नाही. ती नावे फक्त मालकांनीच उच्चारावयाची असा नियम झाल्यास ग्राहकाच्या कानी केवळ स्तुती पडेल, आणि कोणीही कशीही उच्चारावी असा नियम झाल्यास कष्टाने कमावलेला लौकिक एका खोट्या वाक्याने लयास जाईल. या दोहोंमधील तोल भारतीय कायद्याने ‘प्रामाणिक रीती’ या दोन शब्दांवर सोपविला आहे. त्यांचा आशय न्यायनिर्णयांतून हळूहळू निश्चित होत आहे.